जुन्या जिप्सीची ट्रान्सफर केस: घरघर नेमकी कुठली?

बाबांची मारुती जिप्सी १९९९ची, एमएच-०४ची, म्हणजे ठाण्याची. माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात तीन वेगवेगळे आवाज होते आणि बाबा त्या तिघांनाही एकाच नावाने हाक मारायचे, 'ट्रान्सफरचा आवाज' (ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटून देणारा डबा). बाबा गेले, आवाज राहिले.

मी सत्तावीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या इन्स्पेक्शन रूममध्ये काढली. दिवसभर मायक्रोमीटर, डायल गेज आणि कुणीतरी घाईत बिघडवून आणलेले शाफ्ट. तरी पहिल्या खेपेला मी फसलेच. एका गॅरेजवाल्याने गाडी एकदा चालवून बघितली, 'मॅडम, ट्रान्सफर गेली' म्हणाला, केस उतरवली, दोन बेअरिंग बदलली, अकरा हजार घेतले. मी गाडी घेऊन घोडबंदर रोडला लागले आणि मानपाडा ओलांडेपर्यंत तोच आवाज, त्याच सुरात. शेवटी तो निघाला गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरच्या मधल्या आखूड शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याचा. एक क्रॉस केवढ्याला येतो ते मी इथे लिहीत नाही, अजून जीव जळतो.

पुढे दोन वर्षांनी मात्र ट्रान्सफर खरोखरच गेली. म्हणजे दोन्ही बाजू बघून झाल्या आहेत. पुढचं सगळं जिप्सीबद्दल आहे. बाकी जुन्या फोर बाय फोरना यातलं बरंच लागू पडेल, सगळं नाही.

आधी हा डबा काय करतो ते

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मागे स्वतंत्र, चासीला तीन रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. गिअरबॉक्समधून एक हातभरही नसलेला शाफ्ट निघून तिच्यात जातो आणि तिच्यातून एक लांब शाफ्ट पुढच्या अ‍ॅक्सलला, एक मागच्याला. म्हणजे तीन शाफ्ट, आणि प्रत्येकाला दोन-दोन क्रॉस. आवाजाचे सहा उमेदवार तर डब्याबाहेरच उभे आहेत.

डब्यातली गोष्ट अशी. पुष्कळ फोर बाय फोरमध्ये हाय रेंज (रोजच्या वेगाची; लो म्हणजे हळू पण जास्त जोराची) म्हणजे सरळ रस्ता असतो, इंजिनाची ताकद एकाही दात्यातून न जाता थेट मागे जाते. जिप्सीत तसा सरळ रस्ताच नाही. टू-हायमध्येसुद्धा (फक्त मागची चाकं, हाय रेंज) इनपुट गिअरकडून काउंटर गिअरकडे आणि तिथून आउटपुट गिअरकडे, असं दोन जोड्यांमधून जावं लागतं. १३००च्या जिप्सीत हाय रेंजचं गुणोत्तर १.४०९ आहे आणि लोचं २.२६८. हायमध्येसुद्धा ते १ नाही, यातच सगळं आलं. मधला काउंटर गिअर गाडी हलली की फिरणार, आणि लोड घेऊनच फिरणार. (विलिसच्या घराण्यातल्या जुन्या सीजे-थ्री-बी जीपचंही हेच. हाय रेंज १ असली तरी मागचा शाफ्ट बाजूला सरकलेला, त्यामुळे ताकद मधल्या गिअरवरूनच जाते. तिचाही मधला शाफ्टच आधी झिजतो.)

तेव्हा थोडी गुणगुण जिप्सीला जन्मजात आहे. नव्या मोटारीतून उतरून जिप्सीत बसणारा माणूस पहिल्या दिवशी घाबरतोच. आपण शोधायचा तो बदल. मागच्या दिवाळीला नव्हता आणि आता आहे, असा आवाज.

आवाजाला नाव द्या

मिस्त्रीसमोर उभं राहून 'आवाज येतो' म्हणण्यात काही अर्थ नाही. मी एक वही केली. कुठल्या वेगाला, कुठल्या गिअरला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असताना की काढल्यावर, गाडी थंड की तापलेली, आणि आवाज कसा.

चिमणीसारखं चिऊचिऊ, हळू चालताना, वेगाबरोबर लय वाढणारं: कोरडा पडलेला क्रॉस. पाय ठेवला की खट्ट आणि काढला की पुन्हा खट्ट: क्रॉसमधली, स्प्लाइनमधली (एकमेकांत सरकणाऱ्या खाचांची जोडणी) किंवा फ्लँजमधली (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) ढिलाई. धप्प असा बोजड आवाज, गाडी उचलताना: फाटलेलं माउंटिंग. हूंऽऽ असा वेगाबरोबर चढत जाणारा सूर, पाय काढल्यावर बदलणारा: दाते, डब्यातले किंवा डिफरन्शियलमधले (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच). दळण दळल्यासारखी घरघर, पाय ठेवा नाहीतर काढा, फारसा फरक नाही: बेअरिंग. आणि नियमित बारीक टिकटिक, जोडीला स्पीडोमीटरचा काटा थरथरणारा: तो ट्रान्सफर केसचा आवाज नसून तिला जोडलेल्या स्पीडो केबलचा असतो. त्यावर मी एक अख्खा रविवार घालवलाय.

लय मोजता आली तर फार उपयोग होतो. चाक एकदा फिरतं तोवर लांबचे प्रॉप शाफ्ट जवळजवळ चार वेळा फिरतात, आणि हायमध्ये मधला आखूड शाफ्ट त्याच्याही १.४ पट, म्हणजे साधारण साडेपाच वेळा. चाकाला खडूने पांढरी रेघ मारा, भाच्याला गाडी चालण्याच्या वेगाने न्यायला सांगा आणि आपण बाजूने चालत मोजा. रेघ एकदा खाली येईतो एकच आवाज आला तर टायर, ड्रम, चाकाचं बेअरिंग बघा. चारेक आले तर लांब शाफ्ट. त्याहून जास्त, मोजता मोजता गोंधळ उडेल इतके आले, तर मधला. माझा भाचा तेव्हा म्हणाला, "मावशी, लोक बघतायत." बघू देत. हे पाच मिनिटांचं काम मी आधी केलं असतं तर अकरा हजार वाचले असते.

उभ्या गाडीची परीक्षा

ट्रान्सफर वेगळी असल्याचा फायदा इथे मिळतो. सपाट जागा, हँडब्रेक, चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. दगड नकोत, घसरतात.

पहिलं, गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करा. क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबला की शांत, तर आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट बाजूचा. दाबल्यावरच सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. या दोन्हीत ट्रान्सफरचा संबंध नाही, कारण ती अजून फिरतच नाहीये.

दुसरं, ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला. तो ४-हाय आणि ४-लो यांच्या मध्ये असतो. आता क्लच दाबून गिअरबॉक्स तिसऱ्यात टाका आणि क्लच हळू सोडा. गाडी जागची हलणार नाही, पण गिअरबॉक्सचा आउटपुट, मधला शाफ्ट, ट्रान्सफरचा इनपुट आणि काउंटर गिअर हे सगळे फिरायला लागतील. प्रॉप शाफ्ट, अ‍ॅक्सल, चाकं सगळी थांबलेली. म्हणजे अर्धे संशयित एका झटक्यात बाहेर. इंजिन जरा चढवा, कारण मंद आयडलला दाते एकमेकांवर मोकळे आपटून खुळखुळ करतात आणि ती बऱ्याचदा निर्दोष असते. चढवल्यावर घरघर राहिली तर गिअरबॉक्सचा आउटपुट, मधला शाफ्ट किंवा इनपुट-काउंटरची बेअरिंग. इथे आवाज अजिबात नाही म्हणून केसला लगेच निर्दोष सोडू नका. लोड नसताना झिजलेला डबासुद्धा शहाण्यासारखा वागतो.

ऐकायला लांब स्क्रूड्रायव्हर: टोक केसवर, मूठ कानामागच्या हाडावर. मात्र मधला शाफ्ट फिरतोय आणि तो उघडा आहे, हे विसरू नका. ओढणी काढून गाडीत ठेवायची, वेणी शर्टाच्या आत खोचायची, बांगड्या नकोत. गाडी जॅकवर आणि इंजिन चालू अशा स्थितीत खाली जायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. मला भीती वाटते म्हणून मी बहुतेक वेळा मोबाइल लांब काठीला बांधून खाली सरकवते आणि नंतर हेडफोनवर ऐकते.

रस्त्यावर

गायमुखचा चढ-उतार यासाठी उत्तम, फक्त सकाळी लवकर जा, मेट्रोची बॅरिकेड आणि ट्रक यांच्यामध्ये कान लावता येत नाही. चाळीसचा वेग धरा. तोच वेग ठेवून तिसरा गिअर, मग चौथा. चौथा म्हणजे गिअरबॉक्सचा सरळ गिअर, त्यात गिअरबॉक्सच्या आतल्या दात्यांवर लोड नसतो. आवाज तिसऱ्यात आहे आणि चौथ्यात गेला तर गिअरबॉक्स. दोन्हीत सारखाच, म्हणजे गिअर बदलला तरी वेगालाच चिकटलेला, तर ट्रान्सफर किंवा त्याच्या पुढचं काहीतरी. उतारावर न्यूट्रल टाकून ऐकू नका. गिअरमध्ये ठेवून नुसता पाय उचला, तेवढ्याने दात्यांची दुसरी बाजू लोडवर येते आणि हवी ती माहिती मिळते.

ट्रान्सफर की मागचं डिफरन्शियल, ही गाठ कानाने सुटत नाही. दोन्ही एकाच वेगाला बांधलेली असतात आणि पत्र्याच्या गाडीत आवाज चासीवरून कुठूनही कुठेही फिरतो. त्यावर खरा उपाय मागचा प्रॉप शाफ्ट काढणं हा आहे. जिप्सीत दोन्ही टोकांना फ्लँज आहेत, त्यामुळे शाफ्ट काढला तरी ऑइल गळत नाही. शाफ्ट काढून, पुढचे हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडणारी-सोडणारी कडी) लॉक करून, ४-हायमध्ये फक्त पुढच्या चाकांवर गाडी सोसायटीच्या मागच्या गल्लीत हळू चालवायची. आवाज गेला तर मागचं अ‍ॅक्सल, राहिला तर डबा. या अवस्थेत टू-हायला गाडी कशालाच जोडलेली नसते. गिअरमध्ये टाकून उभी केली म्हणून ती थांबेल अशा समजात राहू नका, ठोकळे लावा.

लो रेंज जिप्सीत चारही चाकांनाच मिळते. ती डांबरावर तपासायची असेल तर हब मोकळे करा, फ्री-व्हील हब नसतील तर मातीत जा. मी कोलशेतला खाडीकडच्या मातीच्या रस्त्यावर जाते. हायमध्ये गातोय आणि लोमध्ये गप्प, तर हायच्या जोडीचे दाते. लोमध्ये दांडा आपोआप बाहेर उडत असेल तर फोर्क (आतली स्लीव्ह, म्हणजे गिअर जोडणारी सरकती कडी, ढकलणारा काटा), स्लीव्हचे दाते किंवा दांडा जागी धरणाऱ्या डिटेंटची स्प्रिंग.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगते, कारण पावसाळ्यात दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. कोरड्या डांबरावर ४-हाय टाकून वळण घेतलं की गाडी अडखळते, कुरकुरते, दांडा बाहेर येत नाही. तो बिघाड नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि मधे डिफरन्शियल नसल्याने तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन बसतो. दोन-चार मीटर सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, दांडाही सुटतो. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील तर हाच पीळ सरळ रस्त्यावरसुद्धा बसतो.

डब्याबाहेरचे आधी

हे सगळं घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) उभ्या केलेल्या, इंजिन बंद असलेल्या गाडीखाली. क्रॉस हाताने उलटसुलट पिळा, प्रत्येक टोपीशी बोट ठेवून. टोपीभोवती लाल भुकटी दिसली की क्रॉस संपला, ग्रीस भरून तो जिवंत होत नाही. स्प्लाइनलाही ग्रीस. फ्लँजचे बोल्ट एकेक पाना लावून तपासा, नुसते डोळ्यांनी नाही.

मग ट्रान्सफरचा फ्लँज धरून वर-खाली हलवा. गोल फिरवताना थोडा प्ले (मोकळेपणा) असतोच, दात्यांमध्ये तो हवाच. वर-खाली मात्र काही नको. वर-खाली खळखळ म्हणजे मधला नट ढिला किंवा बेअरिंग गेलेलं. बऱ्याचदा नुसता नटच असतो.

माउंटिंगच्या रबरात स्क्रूड्रायव्हर घालून उचका. वरून अखंड दिसणारं रबर पत्र्यापासून सुटलेलं असतं. ऑइल गळून भिजलेलं रबर तर शिऱ्यासारखं होतं. एक फाटलं की केस कलते, शाफ्टचे कोन बदलतात, आणि मग चांगले क्रॉससुद्धा आवाज करायला लागतात. तिन्ही एकदम बदला.

ऑइल

भरण्याचा प्लग आधी सोडायचा, मग खालचा. उलटं केलंत आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर डबा रिकामा आणि गाडी तिथेच. मापाचाच पाना वापरा, त्या प्लगांची डोकी एकदा गोल झाली की छिन्नी.

या डब्यात मावतं जेमतेम ०.८ लिटर. पाव लिटर गळालं तरी जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. गाडीखाली पुठ्ठा टाकून रोज सकाळी बघण्याची बाबांची सवय मला तेव्हा चेष्टेची वाटायची. ग्रेड ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९०, सपाट जागेवर वरच्या भोकातून ओघळ येईपर्यंत.

निघालेलं ऑइल पांढऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये घ्या आणि उन्हात तिरकं करून बघा. चुंबक फिरवल्यावर करडी, बोटाला साबणासारखी लागणारी लई आली तर ती वयाची झीज. नखाला टोचणारे चकचकीत पापुद्रे म्हणजे दाते किंवा बेअरिंगचा ट्रॅक सोलतोय. बेअरिंगच्या सुईचा (बारीक रोलरचा) तुकडा दिसला तर गाडी आता हलवायची नाही. आणि दुधाच्या चहासारखं ऑइल म्हणजे पाणी. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की तापलेला डबा एकदम थंड होतो, आत हवा आकसते आणि ब्रीदर (डब्याला श्वास घेता यावा म्हणून ठेवलेलं भोक) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला नळी लावून ती वर इंजिनच्या खोलीत नेली की हा प्रश्न बराच मिटतो. माझ्या काउंटर शाफ्टला पहिला गंज अशाच पाण्याने लावला.

उतरवणं

यावर फार लिहीत नाही. ऑइल काढा, तिन्ही शाफ्टच्या फ्लँजवर आरपार पांढऱ्या रंगाची रेघ मारा म्हणजे जसे होते तसेच परत बसतील, स्पीडो केबल, स्विचची वायर, ब्रीदर, दांडा सोडवा, माउंटिंगचे बोल्ट काढा. खाली जॅक, जॅकवर फळी. डबा छातीवर घेऊन उतरवणारे पहिलवान मी पाहिले आहेत, त्यातल्या एकाची बरगडीही पाहिली आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असल्या कामाला कमिटीची हरकत, म्हणून मी कळव्याला चाचांच्या शेडमध्ये करते. चाचा साठीचे, हाताने बेअरिंग ओळखणारे, आणि माझ्या मायक्रोमीटरला 'ताईचं खेळणं' म्हणणारे.

उघडण्याआधी डबा रॉकेलने बाहेरून लख्ख धुवा. फोर्कचे दांडे ओढताना त्यांच्या खाचेत बसलेल्या पोलादी गोळ्या स्प्रिंगच्या जोराने उडतात. वर कापड धरून ओढा. शेडमध्ये उडालेली गोळी पुन्हा मिळत नाही.

काउंटर शाफ्ट

आता जिथे खरी गंमत आहे तिथे आलो. बहुतेक जण केस उघडतात, बॉल बेअरिंग धुऊन फिरवून बघतात, खरखर लागली की बदलतात आणि बंद करतात. बॉल बेअरिंग बदलायचीच. पण जिप्सीची घरघर पुष्कळदा काउंटर गिअरच्या आत असते. हा गिअर निडल बेअरिंगवर, म्हणजे सुयांसारख्या बारीक रोलरवर, फिरतो, आणि त्या सुयांचा आतला ट्रॅक म्हणजे वेगळी रिंग नसून तो शाफ्टच आहे. बाहेरचा ट्रॅक म्हणजे गिअरचं भोक. सुया नव्या घातल्या आणि शाफ्ट तोच ठेवला, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर नवे टायर घातल्यासारखं.

शाफ्ट पुसून कोरडा करा आणि अंगठ्याचं नख लांबीच्या दिशेने ओढा. जिथे सुया धावतात तिथे कडेला नख अडलं की पुढची मोजणी औपचारिकता. माझ्या शाफ्टवर पहिल्यांदा नख अडलंच नाही. चाचा म्हणाले, "ठीक है ताई, लावून टाकू." मी मायक्रोमीटर लावला, टोकाला आणि ट्रॅकवर माप सारखं. मग सवयीने शाफ्ट हातात वळवला आणि नव्वद अंशांवर पुन्हा घेतलं: ट्रॅकवर ०.०४ मिलिमीटर कमी.

कारण साधं आहे. हा शाफ्ट फिरत नाही, केसमध्ये लॉक प्लेटने अडकवून उभा असतो. गिअर त्याच्याभोवती फिरतो आणि पुढे जाताना दाते त्याला नेहमी एकाच दिशेला ढकलतात. म्हणून झीज एकाच गालावर होते. दुसरा गाल नवा कोरा. आधी मी नेमका चांगल्या बाजूने मायक्रोमीटर आणि नखही लावलं होतं. झिजलेल्या बाजूला भिंगाखाली बारीक खड्डे दिसत होते, पावाच्या तुकड्यासारखे. तेव्हा माप चार दिशांनी घ्या, नखही चार बाजूंनी ओढा. चाचांना दाखवलं. त्यांनी खेळण्याला काही म्हटलं नाही, फक्त शाफ्ट अर्धा फिरवून चांगला गाल पुढे आणता येईल का विचारलं. नाही येत, लॉक प्लेटची खाच एकाच जागी असते.

गिअरचं भोक टॉर्च लावून बघा. तिथे खड्डे असतील तर गिअरही बदलायचा, तडजोड नाही. दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर चाटून पातळ झाले असतील तर गिअर पुढेमागे सरकतो, पाय ठेवताना-काढताना खट्ट होतं. किती सरकावा ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे, डायल गेज लावून मोजा. शाफ्ट ज्या भोकात बसतो तेही मोजा. ते लंबगोल झालं असेल तर ओ-रिंग कितीही बदला, पुढून गळतच राहणार.

नवा शाफ्ट मिळाला तर घ्या आणि पुढचा परिच्छेद सोडा. मला तेव्हा मिळाला नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टांच्या दुकानांत तीन पाहिले, तिन्ही माझ्याहून वाईट.

माझी चूक

मग मी करवून घेतला. वागळेत ओळखी कमी नव्हत्या. घरी पाहुणे यायचे होते, गाडी हवी होती, म्हणून रॅकवर पडलेला ईएन-८चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) बार उचलला, टर्निंग केलं, ग्राइंडिंग केलं. व्यास पाच मायक्रॉनच्या आत. मी स्वतः तपासून स्वतः पास केला, आणि त्या शाफ्टसारखा सुंदर शाफ्ट त्या महिन्यात कारखान्यातून दुसरा गेला नसेल. कडकपणा तपासलाच नाही. ईएन-८ तसाच मऊ लोखंडासारखा, सुया त्यात रुतल्या. एक पावसाळा टिकला. गणपतीनंतर पुन्हा घरघर, या वेळी अधिक जोरात. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे शाफ्ट नापास करणाऱ्या बाईने हे केलं होतं. चाचांनी बोलून दाखवलं नाही, भाच्याने दाखवलं.

सुया थेट ज्यावर धावतात त्या पृष्ठभागाला ५८ ते ६४ एचआरसी (रॉकवेल मापाने) कडकपणा लागतो. दुसरा शाफ्ट २० एमएन सीआर ५ या पोलादाचा केला: आधी टर्निंग, ग्राइंडिंगसाठी माल ठेवून केस हार्डनिंग (भट्टीत फक्त वरची साल कडक करणं), आणि शेवटी ग्राइंडिंग. क्रम महत्त्वाचा आहे, कारण भट्टीत शाफ्ट वाकतो. फार माल ठेवला तर ग्राइंडिंगमध्ये कडक साल निघून जाते आणि पुन्हा मऊ गाभा वर येतो. टोकावर कडकपणा मोजून घेतला, ६०. नुसता क्रोम चढवून देतो म्हणणाऱ्याला या कामासाठी नको म्हणा, सुयांखाली तो थर सुटतो.

बेअरिंग घेताना

जुन्या बेअरिंगवरचा नंबर पुसून वाचा, संपूर्ण. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये येतं, ६२०५ म्हणजे २५. नंबरामागची सी-३ ही खूण आत ढिलाई जास्त असल्याची, ती असेल तर तीच घ्या. दुकानदार '२-आरएस चालेल, त्याला रबर आहे' म्हणेल. ऑइलमध्ये बसणाऱ्या बेअरिंगला रबरी झाकण नको, डब्यातलं ऑइल आत जायला पाहिजे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सगळं मिळतं, खरं आणि खोटंही. अधिकृत विक्रेता आणि पक्कं बिल. डबी उघडून बेअरिंग बोटावर फिरवून बघण्याचा मोह टाळा, घाम लागतो.

जोडणी

बेअरिंग शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवर, केसमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलट्या रिंगवर हातोडी मारली की तो ठोका गोळ्यांमधून जातो, ट्रॅकवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. मापाचा पाइपचा तुकडा वापरा. किंवा बेअरिंग ऑइलमध्ये साधारण १०० अंशांपर्यंत तापवा, १२०च्या वर नाही, थर्मामीटर लावून. मग ते हाताने घसरत बसतं. घरातली कढई घेऊ नका, मी घेतली होती, त्यावर स्वतंत्र लेख होईल.

सगळे सील नवे, ओठांना ग्रीस. जोडाची तोंडं ब्लेडने खरवडून रॉकेलने पुसून, सीलंटची बारीक रेघ. जाड रेघ आत पिळून ऑइलमध्ये तुटते. केस बंद केल्यावर, शाफ्ट लावायच्या आधी, फ्लँज हाताने फिरवा आणि दांड्याने चारही जागा घ्या. कुठे अडखळलं तर आत्ताच उघडायचं. फ्लँजचा नट मॅन्युअलच्या टॉर्कला, आणि त्याची कॉलर खाचेत ठोकून लॉक करायला विसरू नका. शाफ्ट पांढऱ्या रेघांवर रेघ जुळवून.

ऑइल भरा. हे हास्यास्पद वाटेल, पण चाचांच्या शेडमध्ये ऑइल न भरता निघालेली एक गाडी कळवा नाक्यापर्यंत गेली होती.

पहिले शंभर किलोमीटर ऐंशीच्या खाली, केसला हात लावून बघत. हात ठेवता येईल इतकी कोमट ठीक, चटका बसला तर थांबा. पाचशे किलोमीटरला ऑइल पुन्हा काढायचं, नवं असलं तरी. माझ्या चुंबकावर तेव्हा करडी लई आली, चमक नव्हती. फ्लँजचे बोल्ट त्याच वेळी पुन्हा तपासले, दोन पाव आटा फिरले. शाफ्टचं माप, कडकपणा, बेअरिंगचे नंबर आणि तारीख मी बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलंय, बाबांच्या टायर बदलल्याच्या तारखांच्या खाली.